'नॉर्मल' म्हणताना आपण नक्की काय म्हणतो?

आज आपण एक इंग्रजी विशेषण घेणार आहोत, आणि त्याचा अर्थ कळायला डिक्शनरी उघडावी लागेल असं तुमच्यापैकी कुणालाच वाटणार नाही. नॉर्मल. आमच्या नगर जिल्ह्यात (२०२४ पासून कागदोपत्री अहिल्यानगर) कुठल्याही वाडीवर जा, शाळेची पायरी न चढलेल्या आजीबाईसुद्धा हा शब्द बिनधास्त वापरतात. बीपी नॉर्मल आलं. सुनेची नॉर्मल झाली. यंदा पाऊस नॉर्मल सांगितलाय. हॉटेलात बसलं की पोऱ्या विचारतो, पाणी नॉर्मल देऊ का बाटली? पंपावर पेट्रोल नॉर्मल. साखरपुड्याला जायचं असेल तर, 'घरचाच कार्यक्रम आहे, नॉर्मल साडी चालेल.'

आता जरा थांबून बघा. पाण्याच्या, पेट्रोलच्या आणि साडीच्या वाक्यात नॉर्मल म्हणजे साधं. पावसाच्या वाक्यात सरासरीइतका. बीपीच्या वाक्यात मात्र नुसतं साधं किंवा सरासरी नाही, तिथे 'ठीक आहे, काळजी नको' अशी ग्वाही आहे. आणि बाळंतपणाच्या वाक्यात तर 'जसं व्हायला हवं तसं झालं' असा निकालच दिलेला आहे. शब्द एकच, पण कधी तो मोजणी सांगतो आणि कधी पसंती. दोन्ही कामं एकाच शब्दाकडे असली की बोलणारा मोजणी सांगतो आणि ऐकणारा पसंती ऐकतो. आपला आजचा सगळा विषय एवढाच आहे. पण त्यात बरंच काही अडकलेलं आहे.

आधी शब्द आला कुठून ते पाहू. लॅटिन भाषेत 'नॉर्मा' म्हणजे सुताराचा गुण्या. आपल्याकडे सुतार आणि गवंडी दोघंही वापरतात तो, काटकोन बरोबर आहे की नाही ते बघायचा. भूमितीत लंब रेषेला इंग्रजीत अजूनही नॉर्मल म्हणतात ते त्यामुळेच. आता गुण्याचा स्वभाव लक्षात घ्या. गावातल्या शंभरातल्या नव्वद भिंती तिरक्या असल्या म्हणून गुण्या वाकत नाही. तो भिंती मोजत नाही, तपासतो. म्हणजे मुळात हा शब्द मोजणीचा नव्हेच, तो कसोटीचा.

शिक्षक घडवणाऱ्या शाळांना 'नॉर्मल स्कूल' म्हणत, ते याच अर्थाने. पॅरिसमध्ये १७९४ साली अशी शाळा काढायचं ठरलं. शिकवावं कसं याचा नमुना जिथे मिळतो ती शाळा. ते नाव पुढे आपल्याकडेही आलं. सावित्रीबाई फुल्यांनी अध्यापनाचं शिक्षण कुठे घेतलं याची जी माहिती त्यांच्या चरित्रांत येते, तीत दोन ठिकाणं आहेत: एक आमच्या नगरमधली सिंथिया फरार या अमेरिकन मिशनरी बाईंची संस्था, आणि दुसरं पुण्याचं नॉर्मल स्कूल. आजच्या कॉलेजातल्या मुलाला ते नाव वाचून वाटतं, मग अ‍ॅबनॉर्मल मुलांची शाळा वेगळी होती की काय? तसं नाही. मात्र गंमत अशी की त्या काळात शिकवायला शिकणारी बाई हजारांत एकसुद्धा नव्हती. मोजणीच्या अर्थाने सावित्रीबाई अगदीच 'नॉर्मल' नव्हत्या, आणि शिकत होत्या नॉर्मल स्कूलमध्ये!

मग कसोटीचा शब्द मोजणीचा कधी झाला? एकोणिसाव्या शतकात. बेल्जियममध्ये केतले नावाचा खगोलशास्त्रज्ञ होता. एकाच ताऱ्याची जागा दहादा मोजली की दहा किंचित वेगळे आकडे येतात, त्यांची सरासरी खऱ्या जागेच्या जवळ असते, बाकी सगळी चूक. ही खगोलशास्त्राची रीत. केतलेने ती माणसांना लावली. १८३५ साली त्याने 'सरासरी माणूस' ही कल्पना मांडली, पुढे स्कॉटिश सैनिकांच्या छातीच्या मापांवरून तीच दाखवली. ताऱ्याला एक खरी जागा असते हे आपण समजू शकतो. पण छातीचं एक खरं माप असतं, आणि बाकीचे सैनिक म्हणजे निसर्गाच्या चुका, हे कुणी ठरवलं? इथे सरासरी हळूच कसोटीच्या पाटावर जाऊन बसली. पुढे त्या घंटेच्या आकाराच्या आलेखालाच नॉर्मल हे नाव पडलं. आपल्या परिभाषा कोशवाल्यांनी त्यासाठी 'प्रसामान्य' असा शब्द केला. तो पाठ्यपुस्तकाबाहेर कुणी उच्चारलेला आम्ही तरी ऐकलेला नाही, पण त्यांचा हेतू चांगला होता: मोजणीच्या अर्थाला वेगळा शब्द असावा.

तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला इथे ह्यूम आठवतो. 'आहे' असं सांगणाऱ्या वाक्यांतून 'असावं' असं वाक्य परस्पर निघत नाही, हे त्याने अठराव्या शतकातच बजावून ठेवलं होतं. ह्यूमला हवं ते अंतर 'नॉर्मल' हा शब्द एका झटक्यात मिटवून टाकतो. त्याचं व्यवहारात काय होतं ते आता पाहू.

पावसापासून सुरू करू, कारण आमच्याकडे सगळं तिथूनच सुरू होतं. हवामान खात्याचा 'नॉर्मल' शुद्ध मोजणीचा आहे. देशाचा जून ते सप्टेंबरचा पाऊस दीर्घकाळाच्या सरासरीच्या ९६ ते १०४ टक्के झाला की नॉर्मल. जिल्ह्यासाठी मात्र पट्टा मोठा आहे: सरासरीपेक्षा १९ टक्के कमी ते १९ टक्के जास्त. म्हणजे देशात सरासरीच्या ८२ टक्के पाऊस झाला तर हाहाकार, आणि एखाद्या जिल्ह्यात ८२ टक्के झाला तर कागदावर नॉर्मल. यात खात्याची लबाडी नाही, लहान प्रदेशात चढउतार जास्त असतात म्हणून पट्टा मोठा ठेवावाच लागतो. पण बातमी ऐकणाऱ्या शेतकऱ्याला हे कोण सांगतं? तो 'नॉर्मल' ऐकतो म्हणजे 'ठीक आहे' ऐकतो.

शिवाय ही सरासरीसुद्धा एका जागी बसलेली नाही. १९५१ ते २००० या वर्षांवरून देशाची सरासरी ८९ सेंटिमीटर धरत. मग १९६१ ते २०१० वरून ती ८८ झाली, आणि आता १९७१ ते २०२० वरून ८७. पाऊस तेवढाच पडला तरी तो पूर्वीपेक्षा नॉर्मलच्या थोडा जास्त जवळ दिसणार. सुताराने दर दहा वर्षांनी गुण्या बदलावा, तसं हे.

आणि आमचा जिल्हा! महाराष्ट्रातला क्षेत्रफळाने सगळ्यात मोठा, सतरा हजार चौरस किलोमीटर, चौदा तालुके. पश्चिमेला अकोले तालुक्यात कळसूबाई, भंडारदरा. तिथे घाटघर-रतनवाडीकडे चांगल्या पावसाळ्यात चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस नोंदला जातो. तिथून पूर्वेला निघा, पाथर्डी, कर्जत, जामखेडकडे या, तर पाचशेच्या आसपास आला तरी लोक देवाला नारळ फोडतात. आता या सगळ्यांची बेरीज करून भागाकार केला की जो आकडा येतो, तो पाऊस जिल्ह्यातल्या किती गावांत पडतो? घाटघरच्या माणसाला तो आकडा दुष्काळाचा वाटेल. कर्जतच्या माणसाच्या दृष्टीने तर घाटघरचा पाऊस आकड्यात धरलाच कशाला, असा प्रश्न आहे.

बरं, एकूण आकडा जमला तरी वेळेचं काय? जूनमध्ये पेरण्या झाल्या, जुलैत पावसाने ओढ दिली, बाजरी करपली, दुबार पेरणीची पाळी आली. मग सप्टेंबरात धो धो कोसळला आणि चार महिन्यांची बेरीज नॉर्मल झाली. ज्वारीवाला खूश, बाजरीवाला बुडाला, आणि आकडा दोघांना एकच शब्द ऐकवतो.

याला उत्तर काय? नगर तालुक्यातलं हिवरे बाजार तुम्हाला माहीत आहे. पोपटराव पवार १९८९ साली सरपंच झाले, त्यांना २०२० चा पद्मश्री मिळाला, वगैरे पुष्कळ बोललं गेलेलं आहे. आम्हाला तिथली वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. ते गाव आपला पाऊस आपण मोजतं. त्यावरून गावात पाणी किती आहे याचा हिशेब मांडतात, पाण्याचा ताळेबंदच म्हणा ना. आधी माणसं आणि जनावरांचं पिण्याचं पाणी बाजूला काढायचं, आणि उरलेल्या पाण्यात कोणती पिकं बसतात ते ग्रामसभेत ठरवायचं. ऊस-केळीसारखी तहानलेली पिकं घ्यायचीच नाहीत. यात विशेषण कुठे आहे? नाहीच. पाऊस नॉर्मल झाला का, असा प्रश्नच ते विचारत नाहीत. पाऊस किती झाला, आणि तो कशाला पुरेल, असे दोन प्रश्न विचारतात. एकाच शब्दात चिकटलेली मोजणी आणि कसोटी त्या गावाने सुटी केली. भाषेच्या शुद्धतेसाठी नव्हे, विहिरी वाचवण्यासाठी केली. पण काम तेच झालं.

पावसाचं निदान सगळे मिळून बोलतात तरी. घरात हा शब्द जे करतो त्याची चर्चा होत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ मध्ये झाली. तीत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायकांमध्ये रक्तक्षय किती, हे मोजलं. देशात ५७ टक्के, महाराष्ट्रात ५४ टक्के. निम्म्याहून जास्त. म्हणजे मोजणीच्या अर्थाने रक्त कमी असलेली बाई ही आपल्याकडची 'नॉर्मल' बाई. ज्या घरात सासूचं, जावेचं, नणंदेचं सगळ्यांचंच रक्त कमी आहे, तिथे जिना चढताना दम लागणं, दुपारी डोळ्यांपुढे अंधारी येणं हे इतकं नेहमीचं असतं की सून तक्रार घेऊन आली तर उत्तर तयार: 'बाईमाणसाला थकवा यायचाच, नॉर्मल आहे ते.' सासू खोटं बोलत नाही. तिने जे पाहिलं ते सांगते आहे. पण तिने सांगितली मोजणी, आणि सुनेने ऐकली ग्वाही. रक्ताची कसोटी घरातल्या बायकांवरून ठरत नाही. गरोदर नसलेल्या बाईसाठी शंभर मिलिलिटरला बारा ग्रॅम हिमोग्लोबिन, या मर्यादेवरून ठरते. तो गुण्या. घर कितीही मोठं असलं तरी तो वाकायला नको.

पाथर्डीकडे तर हे आणखी कठीण आहे. दसरा-दिवाळी झाली की उचल घेतलेली कुटुंबं ऊसतोडीला कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजतात. माणसं दोन, हिशेबात हत्यार एक. पहाटे थंडीत फडात, डोक्यावर मोळ्या, सुट्टी घेतली तर खाडा आणि खाड्याचे पैसे कापले जाणार. मुलांची शाळा मध्येच सुटते. 'आमच्याकडे नॉर्मल आहे हे, पिढ्यान्‌पिढ्या चाललंय.' आम्ही ऐकतो तेव्हा आम्हाला वाटतं, इथे नॉर्मल हा शब्द ठीक आहे असंही म्हणत नाही. तो म्हणतो, आता यावर बोलू नका.

बाळंतपणाचंही घ्या. 'नॉर्मल की सिझर?' हा आपल्याकडे बारशाच्या आधीचा पहिला प्रश्न. याच सर्वेक्षणात महाराष्ट्रात सुमारे २५ टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्याचं दिसलं, आणि देशभरातल्या खासगी दवाखान्यांत तर ४७ टक्के. हा आकडा पन्नासच्या वर गेला तर मोजणीप्रमाणे नॉर्मल कोणती म्हणायची? म्हणजे इथे मोजणी अभिप्रेत नाही. कसोटी अभिप्रेत आहे, आणि पोटावर टाके असलेल्या बाईला त्या प्रश्नाचं उत्तर देताना उगाचच नापास झाल्यासारखं वाटतं. जुन्या बायका म्हणायच्या, 'सुखरूप मोकळी झाली.' त्यात रीत कुठली ते विचारलेलंच नाही, आई आणि मूल धड आहेत ना एवढंच. आम्हाला तो प्रयोग जास्त अचूक वाटतो. वैद्यकाच्या कागदावर 'नॉर्मल' राहू द्या, त्यांना वर्गवारी करायची असते. ओट्यावर मात्र 'सुखरूप' बरं.

आता उलट बाजूचा घोटाळा. तिकडे धोका असून माणूस निर्धास्त राहतो, इकडे काही नसून घाबरतो. लॅबचा रिपोर्ट येतो, त्यात प्रत्येक तपासणीसमोर एक पट्टा दिलेला असतो आणि बाहेरचा आकडा ठळक छापलेला असतो. हा पट्टा पुष्कळदा असा काढतात: निरोगी माणसं घ्यायची, त्यांचे आकडे मांडायचे, आणि मधले ९५ टक्के पट्ट्यात ठेवायचे. म्हणजे निरोगी माणसांतलेच शंभरातले पाच व्याख्येनेच बाहेर गेले! आता वीस तपासण्यांचं पॅकेज करा. त्या एकमेकींपासून स्वतंत्र धरल्या तर सगळ्याच्या सगळ्या पट्ट्यात येण्याची शक्यता ०.९५ चा विसावा घात, म्हणजे सुमारे ३६ टक्के. शंभर धडधाकट माणसांनी तपासणी केली तर चौसष्ट जण एखादा ठळक आकडा घेऊन घरी येणार आणि रात्रभर मोबाईलवर शोधत बसणार. सगळे पट्टे असे नसतात, हेही सांगायला हवं. कोलेस्टेरॉलची मर्यादा लोकसंख्येच्या मधल्या भागावरून नव्हे, हृदयविकाराचा धोका कुठे वाढतो त्यावरून ठरवलेली असते. तिथे बहुसंख्य लोक बाहेर असले तरी मर्यादा हलत नाही. म्हणून डॉक्टरांना 'नॉर्मल आहे का' असं न विचारता 'याने माझं काही बिघडणार आहे का' असं विचारावं. डॉक्टर चिडत नाहीत, उलट त्यांनाही उत्तर द्यायला सोपं जातं.

फ्रान्समध्ये कांगिलेम नावाचे डॉक्टर आणि तत्त्वज्ञ, दोन्ही असलेले गृहस्थ होते. १९४३ साली त्यांनी नेमक्या याच विषयावर प्रबंध लिहिला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: आरोग्य म्हणजे सरासरीजवळ असणं नव्हे; परिस्थिती बदलली तर नवी घडी बसवता येणं म्हणजे आरोग्य. ते वाचताना आम्हाला आपला 'प्रकृती' हा शब्द आठवतो. 'प्रकृती कशी आहे?' असं आपण विचारतो, तेव्हा त्या माणसाची स्वतःची जी घडी आहे तिच्यात तो आहे ना, हे विचारतो. शेजाऱ्याच्या मानाने तो कसा आहे, हे विचारत नाही. मराठीत हे आधीपासून होतं, आपण त्यावर 'नॉर्मल' पांघरून ठेवलं.

आता इंग्रजी बोलताना काय करायचं, तेही पाहू, कारण पुष्कळ जण मुलाखतीची तयारी करणारे आहेत. 'आय कम फ्रॉम अ नॉर्मल फॅमिली' असं आपली मुलं हमखास म्हणतात. त्यांना म्हणायचं असतं, साध्या घरातला आहे. ऐकणाऱ्याला प्रश्न पडतो की याच्या ओळखीची बाकीची घरं वेडी आहेत काय? तिथे 'ऑर्डिनरी' हवं. एसटी उशिरा येते हे वारंवार घडतं, तर त्याला 'कॉमन' म्हणा. 'नॉर्मल' म्हणालात तर तक्रार मागे घेतल्यासारखी होते. एखाद्याची नेहमीची सवय असेल तर 'युज्वल'. आकडा असेल तर सरळ 'अ‍ॅव्हरेज', आणि आकडा माहीत असेल तर आकडाच. 'अ‍ॅबनॉर्मल' मात्र फार जपून. इंग्रजीत रिपोर्ट, वाढ, हवामान अ‍ॅबनॉर्मल असतं. माणसाला तसं म्हणणं आज उद्धटपणा समजतात, वेगळं काही घडलं तर 'अनयुज्वल' पुरतं. तसंच 'स्पेशल मुलं आणि नॉर्मल मुलं' ही जोडी. शाळाशाळांतून ऐकू येते, बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसतं, पण ज्याच्या मुलाला चालता येत नाही तो बाप ती जोडी कशी ऐकत असेल? 'अपंगत्व नसलेली मुलं' म्हणायला एक शब्द जास्त लागतो, लागू द्या. युनिलिव्हरसारख्या कंपनीने २०२१ साली आपल्या सौंदर्यप्रसाधनांच्या वेष्टनांवरून 'नॉर्मल' काढून टाकायचं जाहीर केलं, कारण 'नॉर्मल केसांसाठी' असं लिहिलं की बाकीच्या केसांचं काय, हा प्रश्न उरतोच. त्यात धंद्याचा हिशेब असणारच. पण हिशेब करणाऱ्यालाही शब्द टोचतो हे कळलं, हे थोडं नाही.

मग हा शब्द टाकूनच द्यायचा का? नाही. एक ठिकाण असं आहे की जिथे त्याचे दोन्ही अर्थ एकत्र हवेच असतात. घरात माणूस गेलं, महिना झाला, आणि मागे राहिलेली बाई सांगते की अजून चहा दोन कपच टाकला जातो, दाराशी चाहूल लागली की वाटतं तेच आले. 'मला वेड तर लागत नाही ना?' तिला आपण म्हणतो, 'नाही हो ताई, नॉर्मल आहे हे.' या एका शब्दात तिला सांगितलं जातं की पुष्कळांना असं होतं, आणि तुमचं काही चुकत नाहीये. मोजणीही खरी, ग्वाहीही खरी. तिथे दुसरा शब्द शोधायला आम्ही सांगणार नाही.

वेळ संपत आली. 'नॅचरल' आणि 'नॉर्मल' यांतला फरक काय, असं काही जणांनी चॅटमध्ये विचारलेलं दिसतंय. तो मोठा विषय आहे, पुढच्या वेळी तोच घेऊ.